तोल गोळीमुळे जातो की लहान मेंदूमुळे? फेनोबार्बिटोनच्या रुग्णांचा तोल मोजताना

फेफऱ्यासाठी वर्षानुवर्षं फेनोबार्बिटोन घेणारा माणूस झोकांड्या खात ओपीडीत आला की दोन चुका ठरलेल्या. एक तर ‘लहान मेंदू खराब झाला’ म्हणून त्याला थेट एमआरआयची चिठ्ठी मिळते, नाहीतर ‘गोळी जड झाली’ म्हणून त्याच दिवशी गोळी बंद होते. पहिलीत पैसे आणि महिना वाया जातो. दुसरीत जीव जाऊ शकतो, कारण ही गोळी एकदम तोडली तर झटक्यावर झटके येऊन ते थांबतच नाहीत. बार्बिट्युरेट (फेनोबार्बिटोन याच गटातलं) घेणाऱ्यांमधला अटॅक्सिया, म्हणजे हालचालीतला ताळमेळ सुटणं, गोव्यातल्या एका अभ्यासासाठी शिस्तीने मोजायला घेतल्यावर आमच्या लक्षात आलं की या कामात कॅलेंडर एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी पडतं. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे ज्या क्रमाने आम्ही रुग्ण तपासतो.

औषधाची कुंडली थोडक्यात. बार्बिट्युरिक आम्ल आडोल्फ फॉन बायर यांनी 1864 मध्ये तयार केलं, पण त्यातून झोपेचं औषध निघायला 1903 साल उजाडलं. एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांचं ते व्हेरोनाल. फेनोबार्बिटोन 1912 मध्ये ल्युमिनाल नावाने आलं. त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने फेफऱ्याच्या रुग्णांना रात्री शांत झोप लागावी म्हणून ते दिलं, आणि त्यांचे झटकेच कमी झाले. शंभर वर्षं उलटली तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, कारण स्वस्त आहे आणि दिवसातून एकदा पुरतं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या घरात बाकी काही महाग औषध टिकत नाही, ही गोळी टिकते.

लहान मेंदूच आधी का डळमळतो, हे समजून घेतलं तर पुढची तपासणी सोपी जाते. आकाराने तो मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण माणसाच्या मेंदूतल्या एकूण चेतापेशींपैकी जवळपास 80 टक्के तिथेच दाटलेल्या. त्याचं सगळं काम वेळेवर ब्रेक लावण्याचं आहे. पर्किंजे पेशी या त्याच्या सालीतून बाहेर संदेश नेणाऱ्या एकमेव पेशी, आणि त्यांचा संदेश ‘थांब’ एवढाच. तोही गाबा या रसायनातून. गाबा पोचलं की समोरच्या पेशीवरचं क्लोराइडचं दार उघडतं. डायझेपाम गटातल्या गोळ्यांनी हे दार जास्त वेळा उघडतं. बार्बिट्युरेटने ते एकदा उघडलं की जास्त वेळ उघडंच राहतं, आणि मात्रा फारच वाढली तर गाबा नसतानाही उघडतं. म्हणून या गोळ्यांचा ओव्हरडोस डायझेपामपेक्षा कितीतरी धोकादायक. ब्रेक उशिरा सुटू लागला की हात लक्ष्याच्या पुढे जातो, पाय रुंद पडतात, जीभ अडखळते, नजर एका जागी ठरत नाही.

तपासणीची सुरुवात हातोडीने करत नाही. टेबलावर गोळ्या ओतायच्या आणि मोजायच्या. रुग्णाला आधीच सांगून ठेवावं लागतं की घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून आणा. केस पेपरवर काय लिहिलंय यावर विसंबू नये. फेनोबार्बिटोन 30 आणि 60 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीत मिळतं, आणि सगळ्यात जास्त घोटाळे या दोन आकड्यांमध्ये होतात. रोज रात्री 30 च्या तीन गोळ्या घेणाऱ्या माणसाला एके दिवशी दुकानात 30 ची स्ट्रिप मिळत नाही, 60 ची मिळते. दुकानदार ‘दीडच घ्या’ सांगतोही, पण गोळ्या भरून देणारी सून ते ऐकायला दुकानात नसते. घरी तीनच गोळ्या जातात. 90 चे 180 झाले.

आता कॅलेंडर. फेनोबार्बिटोन शरीरातून फार सावकाश जातं; रक्तातली मात्रा निम्मी व्हायला प्रौढात साधारण 2 ते 5 दिवस लागतात, मुलांत त्याहून कमी. हिशेबासाठी 4 दिवस धरू. 45 किलो वजनाच्या त्या माणसाची पातळी आधी 22 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होती असं समजा. डोस दुप्पट झाला म्हणजे पातळी शेवटी 44 वर जाणार. पण चौथ्या दिवशी ती 33 असेल, आठव्या दिवशी 38 च्या पुढे, बाराव्या दिवशी 41, सोळाव्या दिवशी साडेबेचाळीस. म्हणजे स्ट्रिप बदलल्यावर आठवडाभर घरात कुणाला काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात म्हातारा न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळतो. तोवर स्ट्रिप बदलल्याचं सगळे विसरलेले असतात, आणि मधल्या काळात झालेला ताप, जागरण, चवथीची दगदग यांवर खापर फुटतं. म्हणून ‘तोल कधीपासून जातो?’ एवढं विचारून भागत नाही. ‘त्याच्या आधीच्या महिन्यात काय बदललं?’ असं विचारावं, आणि रिकाम्या स्ट्रिपेवरची ताकद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.

याच गणिताची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका रात्रीची गोळी चुकली तर पातळी साधारण 16 टक्क्यांनीच घसरते. त्यामुळे ‘काल गोळी घेतली नाही, तरी तोल जातोच आहे, म्हणजे गोळीचा दोष नाही’ हा नातेवाइकांचा तर्क टिकत नाही. फेनोबार्बिटोनच्या बाबतीत कालची रात्र काहीच सिद्ध करत नाही.

गोळ्यांच्या त्याच पिशवीत आणखी काय आहे, ते बघावं लागतं. व्हॅलप्रोएट हे फेफऱ्याचंच दुसरं औषध नव्याने सुरू झालं असेल तर ते फेनोबार्बिटोनचा निचरा अडवतं. डोस तोच राहूनही पातळी तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त चढू शकते. हात थरथरतो म्हणून कुणी प्रिमिडोन दिलं असेल तर लक्षात ठेवायचं की यकृतात त्यातलं काही फेनोबार्बिटोनच बनतं. चिठ्ठीवर दोन वेगळी नावं, पोटात एकच औषध. फेनिटॉइन हे फेफऱ्याचं आणखी एक औषध असेल तर प्रकरण वेगळं: ते ठराविक मर्यादेनंतर यकृताला झेपत नाही, आणि 300 वरून 400 मिलिग्रॅमवर नेताच पातळी एकदम उसळते. फेनिटॉइन 20 च्या वर गेलं की डोळे थरथरतात, 30 च्या वर चाल बिघडते. शिवाय फेनिटॉइन दीर्घकाळ घेतल्याने लहान मेंदू खरोखर आक्रसतो हे चांगलं नोंदलेलं आहे. पण वारंवार आलेले मोठे झटकेही त्याला जबाबदार असू शकतात. या दोघांची वाटणी एका रुग्णात करता येत नाही. फेनोबार्बिटोनचा स्वतंत्र परिणाम मोजायचा असेल तर फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, क्लोबाझाम अशी फेफऱ्याची इतर औषधं घेणारे वेगळ्या गटात टाकावे लागतात, आणि मग यादी बघता बघता आटते. हे आधीच गृहीत धरून रुग्णसंख्या ठरवलेली बरी.

दारूबद्दल विचारण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. ‘बाब, दारू पिता का?’ या प्रश्नाला नकारच मिळतो. ‘काजूच्या दिवसांत हुर्राक होतो का?’ म्हटलं की माणूस हसतो आणि माप सांगतो. हुर्राकात अल्कोहोल साधारण 15 टक्के, फेणीत 42 च्या आसपास, त्यामुळे ‘दोन पेले’ कशाचे हे लिहून घ्यावंच लागतं. बार्बिट्युरेटवर दारू म्हणजे त्याच दारावर दोघांचा भार. तोल तर जातोच, श्वासही मंदावतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं नुकसान वेगळं दिसतं: लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा वरचा-पुढचा भाग झिजतो, म्हणून पाय जास्त बिघडतात, हात त्या मानाने बरे, आणि डोळ्यांची थरथर कमी. पाय रुंद टाकून चालणारा, पण बोटाने नाक नीट गाठणारा माणूस दिसला की आधी बाटलीची चौकशी करावी. त्यात गोंधळलेपण आणि डोळे न वळणं यांची भर असेल तर मोजपट्टी बाजूला ठेवून ताबडतोब शिरेतून थायामिन (बी-1 जीवनसत्त्व), ग्लुकोज त्यानंतर.

तपासणीआधी संमतीपत्र. गोव्यात ते एका भाषेत भागत नाही. पेडणे, डिचोली, फोंड्याकडचे बरेच जण मराठी वाचतात. काहींना कोंकणी देवनागरीत हवी. सासष्टीतल्या वयस्कांना रोमी लिपीतली. भाषांतर झालं की ते न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घेतो. ‘सिडेटिव्ह’साठी ‘गुंगीचं औषध’ लिहिलं तर लोक घाबरून गोळीच सोडतात, आणि तो धोका आपण निर्माण केलेला असतो. म्हणून तिथे ‘झटके थांबवणारी गोळी’ लिहितो आणि संमतीपत्रात ठळक वाक्य घालतो: या अभ्यासासाठी तुमची गोळी कमी-जास्त केली जाणार नाही.

मोजमाप ‘सारा’ या अटॅक्सियाला गुण देणाऱ्या श्रेणीने करतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेली ही श्रेणी, आठ बाबी, शून्य म्हणजे निर्दोष, 40 म्हणजे पूर्ण असहाय. चालण्याला 8 गुण, उभं राहण्याला 6, बसण्याला 4, बोलण्याला 6, आणि हातांच्या तीन व पायाची एक अशा चार चाचण्यांना प्रत्येकी 4. वाचायला सोपी, करताना मात्र बारीक गोष्टी नडतात.

चालण्यासाठी भिंतीला समांतर, पण हात सहज टेकणार नाही एवढ्या अंतरावर रंगीत चिकटपट्टी लावतो. माणूस चालत जातो, वळतो, परत येतो, मग टाचेला बोट लावून दहा पावलं. एक पाऊल चुकलं तर माफ. दहा पावलांतच थोडा अडखळला तर 1, दहा होतच नाहीत तर 2, अधूनमधून भिंत धरावी लागली तर 4. वळण नीट बघावं. सरळ रेषेत सावरून घेणारे वळताना उघडे पडतात. चपला काढायच्या. पावसाळ्यात लादी ओली असते, पाय पुसायला कोरडं गोणपाट हवं, नाहीतर आपण लहान मेंदू नव्हे, घसरण मोजतो. गुडघे झिजलेल्यांची चाल लंगडी असते, अटॅक्सियाची नसते; तसा वेगळा शेरा लिहावा. काणकोणहून पहाटेची बस धरून उपाशी आलेल्याला अर्धा तास बसवून चहा-पाव दिल्याशिवाय तपासू नये.

उभं राहण्याची चाचणी अनवाणी, डोळे उघडे, तीन प्रकारे, प्रत्येकाला तीन संधी: नेहमीसारखं, पाय जुळवून, मग एका पायापुढे दुसरा. दहा सेकंद घड्याळावर मोजायची, मनात नाही. डोळे मिटून उभं राहणं ‘सारा’त नाही, पण आम्ही ते वेगळं करून घेतो. डोळे मिटताच कोसळणारा माणूस बहुधा पायाच्या संवेदनेचा रुग्ण असतो. त्याचं बी-12 बघायचं, 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घोट्यावर ठेवायचा. लहान मेंदूचा रुग्ण डोळे उघडे असतानाही डुलतोच.

बोट पकडण्याच्या चाचणीत तपासणारा समोर बसून आपलं बोट पाच वेळा अचानक हलवतो: दर दोन सेकंदांनी एकदा, प्रत्येक वेळी सुमारे 30 सेंटिमीटर, दिशा ओळखता येणार नाही अशी. रुग्णाचं बोट 5 सेंटिमीटरच्या आत चुकलं तर 1, 15 च्या आत चुकलं तर 2. शेवटच्या तीन हालचालींची सरासरी घ्यायची. नवखा तपासनीस ठेका धरून उजवी-डावी करतो, रुग्ण अंदाजाने आधीच तिथे पोचतो आणि गुण खोटे चांगले येतात. नाक-बोट चाचणीत आपलं बोट रुग्णाच्या हाताच्या पोचेच्या 90 टक्क्यांवर धरायचं. जवळ धरलं तर थरथर लपते. मांडीवर तळहात उलटसुलट करायचा तो दहा वेळा, दहा सेकंदांत. टाच नडगीवरून सरकवायची ती झोपून, पाय न बघता, तीन वेळा. उजव्या-डाव्याची सरासरी काढायची असल्याने अर्धे गुण येतात. वहीत ते पूर्णांक करून टाकू नयेत.

बोलण्याचे गुण साध्या गप्पांवरून द्यायचे. इथे आपल्याकडची खास चूक होते. घरी कोंकणी बोलणाऱ्याला मराठीत किंवा इंग्रजीत बोलायला लावलं तर तो शब्द शोधत, तोडून तोडून बोलतो, आणि ते लहान मेंदूच्या बोलण्यासारखंच ऐकू येतं. ज्याची जी भाषा, त्याच भाषेतला तपासनीस.

आणि ‘सारा’तली सगळ्यात मोठी उणीव: तिच्यात डोळेच नाहीत. बार्बिट्युरेटच्या रुग्णात पहिली खूण बहुतेकदा डोळ्यांतच दिसते, नजर बाजूला नेली की बुबुळांचे झटके. त्यामुळे डोळ्यांचा रकाना स्वतंत्र ठेवावा लागतो. बोट नाकासमोरून साधारण 30 अंशांपर्यंतच न्यायचं. अगदी कोपऱ्यात नेलं तर निरोगी माणसाचे डोळेही दोन-चार झटके देतात. झटके दोन्हीकडे सारखे असतील तर गोळीचा संशय वाढतो. एकाच बाजूला जास्त, किंवा खालच्या दिशेने असतील तर गोळीवर समाधान मानू नये.

दोन तपासनीस, एकमेकांचे गुण न बघता. दोघांपासूनही डोस आणि रक्ताचा अहवाल झाकलेला. हे कागदावर सोपं असतं. प्रत्यक्षात रुग्णच उभ्या उभ्या सांगून टाकतो, ‘डॉक्टर, मी तीन गोळ्या घेतो.’ त्याला दाराबाहेरच बजावून ठेवावं लागतं.

रक्त लाल टोपीच्या साध्या नळीत, 3 ते 5 मिली. पिवळ्या टोपीच्या जेलवाल्या नळीत नको. नमुना पडून राहिला तर जेल काही औषध शोषतं आणि पातळी खोटी कमी येते. इतर गोळ्यांसाठी रक्त पुढच्या डोसच्या आधी घ्यायचा दंडक आहे. फेनोबार्बिटोन दिवसभरात फार चढउतार करत नाही, तरी सगळ्यांचं एकाच वेळी घेतलेलं बरं, कारण पिशवीतली बाकीची औषधं चढउतार करतात. अहवालाचं एकक आधी बघा. 40 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे 172 मायक्रोमोल प्रति लिटर, गुणक 4.3. ‘172’ बघून धावपळ सुरू व्हायला वेळ लागत नाही.

नेहमीची उपचार-कक्षा 15 ते 40. 40 च्या वर डोळे, चाल, बोलणं बिघडू लागतं. 65 च्या वर शुद्ध हरपण्याची भीती. पण सवयीने शरीर सरावतं: वीस वर्षं गोळी घेणारा 45 वर सरळ चालतो आणि नवखा 30 वर डुलतो. म्हणून आकडा एकटा निकाल देत नाही. आमचा ढोबळ आडाखा असा: प्रौढात दर किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम दिलं तर पातळी 10 च्या आसपास स्थिरावते. 45 किलोला 90 मिलिग्रॅम म्हणजे 20 च्या जवळपास यायला हवी. 40 आली तर गोळ्यांची मोजणी पुन्हा, व्हॅलप्रोएट पुन्हा, मूत्रपिंड आणि यकृत पुन्हा. 8 आली आणि तरी माणूस झोकांड्या खातोय, तर गोळी निर्दोष. आता लहान मेंदूकडे खरोखर वळायचं.

डोस चुकून वाढला होता असं सिद्ध झालं तर उपचार करणारे डॉक्टर तो मूळ जागी आणतात. मुळातलाच डोस जास्त होता असं ठरलं तर कपात टप्प्याटप्प्याने, महिनोन्महिने. दोन्हीत फेरतपासणी तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ठेवतो. पाचव्या दिवशी बोलावलं तर अर्धीच घट झालेली असते, गुण जेमतेम एका अंकाने हललेले असतात आणि ‘गोळीचा संबंध नाही’ असा उलटा निष्कर्ष निघतो. हाच सगळ्यात जास्त दिसणारा दोष. तीन आठवड्यांनी तेच तपासनीस, तीच पट्टी, तीच वेळ. डोळे आणि बोलणं लवकर सावरतं, एकापुढे एक पावलं सगळ्यात शेवटी.

थांबायचं नाही अशा खुणा मात्र वेगळ्या ठेवल्यात: काही तासांत सुरू झालेलं तोल जाणं, डोकेदुखी, उलट्या, एकाच बाजूचा हात चुकणं, गिळताना ठसका. तिथे लहान मेंदूतला रक्तस्राव किंवा अडथळा असू शकतो, सूज आली तर तासांत जीव जातो. 108 लावायचा, ‘सारा’ नंतर.

तीन आठवड्यांनी पातळी उतरूनही गुण तसेच राहिले तर एमआरआय. चिठ्ठीवर नुसतं ‘मेंदू’ न लिहिता ‘पोस्टेरियर फॉसा, टी-1 सॅजिटल पातळ काप, डिफ्यूजनसह’ असं लिहावं. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या हाडांच्या छायेमुळे तो भाग, म्हणजे लहान मेंदूची कवटीतली मागची जागा, धड दिसत नाही. सोबत थायरॉइड, बी-12, लिथियम घेत असेल तर त्याची पातळी. घरात आई-वडील, भावंडं यांच्यात अशीच चाल असेल तर एससीए (आनुवंशिक अटॅक्सिया) प्रकार 1, 2, 3 आणि 12 यांच्या जनुकीय चाचण्या. चाळिशीनंतर हाताच्या थरथरीने सुरू झालेल्या रुग्णात 12 विसरू नये, कारण त्याच थरथरीसाठी त्याला प्रिमिडोन मिळालेलं असण्याची शक्यता असते आणि मग गोळ्यांची पिशवी पुन्हा एकदा टेबलावर ओतावी लागते.